मोठी यंत्रं नाहीत म्हणून यीस्टचा विषय सोडू नकोस

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं. प्रोजेक्टला तिने विषय घेतलाय यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जा तयार करणारी एन्झाइम. हाताशी चार महिने, एक ऑटोक्लेव्ह, एक इन्क्युबेटर, एक कलरीमीटर आणि मिनिटाला चार हजार फेऱ्यांचं छोटं सेंट्रिफ्यूज. पेपर वाचायला घेतले तर प्रत्येकात मोठं सेंट्रिफ्यूज, ऑक्सिजन इलेक्ट्रोड आणि लाखोंची यंत्रं. ‘विषय बदलू का?’ असं ती विचारते. खाली आणखी एक ओळ आहे: ‘मामा म्हणतात, पऱ्हाटीवर बोंडअळी पडली अन् तू खमीर पाहून राह्यली.’

मामांना उत्तर द्यायचंच आहे, पण ते नंतर. तुझ्याएवढ्या मुलींना शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून एकेरीतच बोलते. सव्वीस वर्षं मी यीस्टच्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या एका एन्झाइमच्या मागे होते, श्वसनाच्या शेवटच्या पायरीवर ऑक्सिजन वापरतं ते. आता वरुडकडे गावी असते, संत्र्याची थोडी झाडं बघते.

विषय बदलू नकोस. प्रश्न मात्र बदलावा लागेल. पेपर वाचून तू त्यांचेच प्रश्न उचललेस: एन्झाइमचा वेग किती, त्यातला कुठला तुकडा गळाला, कुठल्या पायरीवर जुळणी अडली. ही उत्तरं मिळवायची तर पेशी फोडून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढावे लागतात. पेशींचा कचरा खाली बसवायला दीड हजार पट गुरुत्व पुरतं, तेवढं तुझं सेंट्रिफ्यूज कसंबसं देईल. मायटोकॉन्ड्रिया खाली बसायला दहा-बारा हजार पट लागतं, तिथे ते संपलं. त्याआधी यीस्टची जाड भिंत विरघळवायला महागडं एन्झाइम लागतं. पूर्वी त्यासाठी गोगलगायीच्या पोटातला रस वापरत. म्हणून सोयाबीनवरच्या शंखी गोगलगायी गोळा करायला निघू नकोस, एका विद्यार्थ्याने मला हे गंभीरपणे विचारलं होतं.

याच एन्झाइमबद्दलचे दुसऱ्या जातीचे प्रश्नही आहेत. श्वसनाची यंत्रणा चालू आहे की बंद? हजार पेशींपैकी किती जणींची बंद पडली? कशामुळे पडली? यांची उत्तरं यीस्ट स्वतःच खाद्य घातलेल्या प्लेटवर लिहून देतं. हा विषय जगात उभा राहिला तो अशाच प्रश्नांवर. यंत्रं मागाहून आली.

कसं ते सांगते. विहिरीवर विजेची मोटर आहे आणि शेजारी जुनं डिझेल इंजिनही पडून आहे, असं समज. मोटर जळाली तरी डिझेल असेतो ओलीत चालतं. खर्च जास्त, पाणी कमी, पण पीक मरत नाही. यीस्टचं तसंच आहे. ग्लुकोज असेल तर ते आंबवून एका रेणूमागे दोन एटीपी (पेशी ऊर्जा म्हणून खर्च करते ते रेणू) मिळतात. मायटोकॉन्ड्रियातून त्याच रेणूचे कितीतरी पट जास्त मिळतात. आपल्या पेशींना श्वसन थांबलं की मरणच. यीस्टला साखर असेतो पर्वा नसते. उलट साखर भरपूर असेल तर हवा असूनही ते आंबवण्याकडेच वळतं आणि श्वसनाची एन्झाइम कमी करून ठेवतं. साखर संपली की मग स्वतःच तयार केलेला अल्कोहोल खायला मायटोकॉन्ड्रिया वाढवतं.

आता ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल दे. ग्लिसरॉल या यीस्टला आंबवता येत नाही, म्हणजे डिझेल संपलं. ज्या पेशीची मोटर धड आहे ती वाढेल, जळालेली आहे ती जागची हलणार नाही. ग्लुकोजच्या प्लेटवर वाढली आणि ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढली नाही, तर त्या पेशीच्या श्वसनाच्या साखळीत (एकामागोमाग काम करणाऱ्या श्वसनाच्या एन्झाइमांत) किंवा शेवटी एटीपी बनवणाऱ्या एटीपी सिंथेज या एन्झाइममध्ये बिघाड आहे असा पहिला अंदाज बांधता येतो. दोन प्लेटांत एवढं कळतं. माझ्या सव्वीस वर्षांतल्या बहुतेक कामाची सुरुवात याच दोन प्लेटांनी झाली.

१९४९ साली फ्रान्समध्ये बोरिस एफ्रुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की बेकरीच्या यीस्टच्या वसाहतींत, म्हणजे प्लेटवर एकेका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यांत, अधूनमधून एखादी फारच लहान निघते. अ‍ॅक्रिफ्लेविन हा रंग घातला की जवळजवळ सगळ्याच लहान निघतात. या लहान वसाहतींना त्यांनी ‘पेटिट’ म्हटलं, फ्रेंचमध्ये लहान. त्या पेशी श्वसन करत नव्हत्या आणि पिढ्यानपिढ्या वाढवल्या तरी पूर्ववत होत नव्हत्या. केंद्रकातल्या जनुकाचा दोष ज्या हिशेबाने पुढच्या पिढीत उतरतो, तो हिशेब इथे लागेना. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए गॉटफ्रीड शाट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवला १९६४ मध्ये. म्हणजे नुसत्या वसाहतींचा आकार मोजून ही माणसं एका अज्ञात डीएनएच्या दारापर्यंत पोचली होती.

तो डीएनए थोडाच प्रथिनं सांगतो, यीस्टमध्ये आठ. पण ती मोक्याची आहेत. सायटोक्रोम ऑक्सिडेजचे तीन मुख्य तुकडे, साखळीतलंच सायटोक्रोम बी, एटीपी सिंथेजचे तीन तुकडे आणि राइबोसोमचं, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचं, एक प्रथिन. बाकी शेकडो तुकड्यांची माहिती केंद्रकात असते. ते बाहेर तयार होतात आणि आत येऊन जुळतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फाटला किंवा गेला की ही मोक्याची आठ गेली, मग बाहेरून कितीही सुटे भाग आले तरी मोटर बसत नाही. मायटोकॉन्ड्रिया मात्र पेशीत राहतात, कारण लोह-गंधकाचे जोड बनवण्यासारखी कामं तिथेच होतात. पेटिट म्हणजे मायटोकॉन्ड्रिया नसलेलं यीस्ट, असं प्रोजेक्टमध्ये लिहू नकोस. परीक्षक शहाणा असेल तर तिथेच अडवेल.

आता तुझ्या प्रोजेक्टकडे. माझा सल्ला: उष्णतेने किती पेटिट तयार होतात ते मोज. एथिडियम ब्रोमाइडने काम झटपट होतं, पण ते डीएनएला चिकटणारं रसायन आहे आणि त्याची विल्हेवाट लावायची सोय तुमच्याकडे नसणार. उष्णता आपल्याकडे फुकट आहे. हे यीस्ट ३० अंशांवर सुखाने वाढतं. ३८-४० वर वाढवलं तर पेटिटचं प्रमाण चढतं, हे जुनं निरीक्षण आहे. किती चढतं ते वाणावर अवलंबून, म्हणून तुझा आकडा तुलाच काढावा लागेल, तो कुठून उचलता येणार नाही. प्रोजेक्टला याहून बरं काय हवं?

ही गोष्ट मी स्वतः तोंडावर आपटून शिकले आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, मी केंद्रकातलं एक जनुक काढून टाकलेलं यीस्ट शेकरवर लावून शनिवारी घरी गेले. सोमवारी प्लेटा लावल्या तर निम्म्याहून जास्त वसाहती लहान. मला वाटलं, सापडलं! हे जनुक मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए राखतं. तीन आठवडे मी त्यावर आकृत्या काढत होते, मनात शीर्षकसुद्धा ठरलं होतं. गाइडनी एकच विचारलं, ‘मूळ वाण त्याच शेकरवर, त्याच दिवशी लावलं होतंस?’ नव्हतं लावलं. त्या शनिवारी खोलीचं एसी बंद पडलं होतं. दोन्ही वाणं शेजारी-शेजारी लावली तेव्हा मूळ वाणही तितकंच लहान निघालं. जनुकाचा काही संबंध नव्हता, माझं यीस्ट दोन दिवस उन्हाळ्यात शिजलं होतं.

म्हणून तुझ्या प्रयोगाचा कणा हा: एकाच वसाहतीतून सुरुवात करायची, निम्मं कल्चर ३० अंशांवर, निम्मं ३८ किंवा ३९ वर, बाकी सगळं सारखं. ती सुरुवातीची वसाहत ग्लिसरॉलच्या प्लेटवरूनच घे. ग्लुकोजच्या वसाहतीत आधीपासूनचे पेटिट लपलेले असतात. ग्लिसरॉलवर ते वाढत नाहीत, त्यामुळे सुरुवात स्वच्छ होते.

यीस्ट कुठलं घ्यायचं, यावर माझं मत एकदा बदललं आहे. आधी मी सांगायची की पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून ओळखीचं प्रयोगशाळेतलं वाण मागवा. वेळ आणि पैसे असतील तर आजही तेच उत्तम. पण चार महिन्यांत पत्रव्यवहारातच एक जाईल. किराणा दुकानातलं किंवा बेकरीतलं यीस्ट चालेल, आणि या एका कामाला ते एका अर्थाने बरंच. बेकरीच्या यीस्टमध्ये गुणसूत्रांचे संच सहसा दोनाहून जास्त असतात. केंद्रकातल्या एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी बाकीच्या प्रती काम सांभाळतात आणि बिघाड दिसत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा बिघाड असा झाकला जात नाही. त्यामुळे या यीस्टमध्ये तुला जो कायमचा पेटिट दिसेल, तो जवळजवळ नक्की मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचाच.

मोहाच्या फुलावरचं किंवा संत्र्याच्या सालीवरचं रानटी यीस्ट घेऊन ‘स्थानिक’ प्रोजेक्ट करायचा मोह होईल. गडचिरोली-गोंदियाकडच्या मुली मला हमखास विचारतात. वेगळा प्रोजेक्ट म्हणून छान आहे, याच्यात मात्र नको. कित्येक जातींची यीस्ट मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएशिवाय जगतच नाहीत, त्यांच्यात पेटिट निघणारच नाहीत. जात ओळखल्याशिवाय शून्य आकडा आला, तर त्याचा अर्थ काय लावशील?

माध्यमाची मापं सांगते. नेहमीचं माध्यम: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २, ग्लुकोज २. श्वसनाची परीक्षा घ्यायची तर ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल ३ टक्के. मोजणीसाठी तिसरं, आणि हे फार कामाचं: ग्लिसरॉल ३ टक्के आणि ग्लुकोज फक्त ०.१ टक्का. त्यावर प्रत्येक पेशी थोडीशी वाढते. पेटिटची वसाहत टाचणीच्या टोकाएवढी राहून थांबते, धड पेशीची ग्लिसरॉलवर फुगत जाते. एकाच प्लेटवर दोन्ही दिसतात. तीन-चार दिवस थांब, दुसऱ्या दिवशी मोजू नकोस.

जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पुष्कळ जण यीस्टच्या माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल घालतात. तू घालू नकोस. मायटोकॉन्ड्रियाचा पूर्वज जिवाणू, त्यामुळे जिवाणूंच्या राइबोसोमवर मारा करणारं हे औषध मायटोकॉन्ड्रियातल्या राइबोसोमवरही जातं. मात्रा जास्त झाली तर धड यीस्टही ग्लिसरॉलवर रेंगाळेल आणि तू त्याला पेटिट म्हणून मोजशील. लागलंच तर अँपिसिलिन वापर.

लहान वसाहत दिसली म्हणजे पेटिट, असंही नाही. प्लेटवर गर्दी असेल तर सगळ्याच लहान राहतात. प्लेटमागे शंभराच्या आसपास वसाहती येतील इतकं पातळ कर. आणि प्रत्येक संशयित लहान वसाहत उचलून ग्लिसरॉलच्या आणि ग्लुकोजच्या प्लेटवर शेजारी-शेजारी रेघ ओढून बघ. ही कंटाळवाणी पायरी गाळलेले प्रोजेक्ट मी शेकड्याने तपासले आहेत, पहिल्याच तक्त्यात ओळखू येतात.

दुसरा पुरावा हवा असेल तर टेट्राझोलियम. हे रसायन तुझ्या ओळखीतल्या कृषीच्या मुलांना माहीत असेल. बियाणं तपासणी प्रयोगशाळेत सोयाबीनचं बी जिवंत आहे का ते यानेच बघतात, जिवंत भाग लाल होतो. यीस्टवरही तेच: अगारात ०.१ टक्का टेट्राझोलियम मिसळून हाताला सोसवेल इतकं कोमट झालं की वसाहतींवर हलकेच ओतायचं. तास-दोन तासांत श्वसन करणाऱ्या वसाहती लाल होतात, पेटिट पांढऱ्या राहतात. फोटो सुरेख येतो. मोजणी मात्र वरच्या पद्धतीनेच कर, हा फक्त आधार.

किती मोजायच्या? पेरणीआधी तुझ्या घरी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघत असतीलच. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं पेरायचं. सत्तरचा आकडा बघायला शंभर दाणे ठीक आहेत. तुझा आकडा सत्तर नाही, एकाच्या आसपास आहे. ३० अंशांवर आपोआप होणारे पेटिट साधारण शेकडा एक असतात, वाणाप्रमाणे कमी-जास्त. दोनशे वसाहती मोजल्यास तर सरासरी दोन सापडतील, आणि सातातून एकदा एकही सापडणार नाही, नुसत्या योगायोगाने. म्हणून प्रत्येक तापमानाला किमान हजार. शंभराच्या दहा प्लेटा, आणि हे तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वसाहतींपासून. एकाच कल्चरच्या तीस प्लेटा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. पोत्यातून एकदाच काढलेले दाणे तीन गोणपाटांत वाटले तरी पोतं एकच.

समजा ३९ अंशांवर आकडा चढला. तेवढ्यावर ‘उष्णतेने मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नष्ट होतो’ असं लिहू नकोस. आणखी एक शक्यता उरते: पेटिट जास्त तयार झाले नसतील, धड पेशीच उष्णतेत मागे पडल्या असतील, म्हणून उरलेल्यांत पेटिटचा वाटा वाढला असेल. हे वेगळं करायला यंत्र लागत नाही. तुझ्याच प्लेटवरचा एक पक्का पेटिट आणि एक धड वसाहत घे, दोघांच्या पेशी समसमान मिसळ, निम्मं मिश्रण ३० वर आणि निम्मं ३९ वर वाढव, मग प्लेटवर प्रमाण बघ. ३९ वर पेटिटचं पारडं फारसं जड झालं नाही, तर तुझ्या मूळ प्रयोगातली वाढ खरोखर नवे पेटिट तयार झाल्यामुळे. झालं, तर तुझा आकडा त्या हिशेबाने खाली आणावा लागेल. माझ्या मते प्रोजेक्टचा जीव या एका प्रयोगात आहे. बाकी सगळं कुणीही करेल.

आता इन्क्युबेटर. आपल्याकडे जे साधे इन्क्युबेटर असतात ते फक्त तापवतात. मार्चनंतर खोलीच ४० च्या वर गेली की ३० चा काटा लावून उपयोग नाही, आतलं तापमान खोलीच्या खाली येणारच नाही. तुलनेसाठीचं ३० अंशांचं कंट्रोलच हातचं गेलं. म्हणून ३० अंशांचं सगळं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरक. उशीर झालाच तर कूलरच्या खोलीत, रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत डबा ठेवून मी काम केलं आहे. त्यातही आत थर्मामीटर ठेवून दर तीन तासांनी आकडा लिहावा लागतो. लाइट गेली तर वेळ लिहून ठेव. ती नोंद तुझ्या प्रोजेक्टचा भाग आहे, लपवायची गोष्ट नाही.

एन्झाइम मात्र यात कुठे दिसलं, असं तू म्हणशील. रास्त आहे. इतक्यात फक्त त्याची गैरहजेरी दिसली. प्रत्यक्ष बघायचं असेल तर फिजिक्स विभागात जा. बी.एस्सी.ची मुलं सोडियमच्या दिव्याच्या रेषा बघतात तो स्पेक्ट्रोमीटर माग. १९२५ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी साध्या स्पेक्ट्रोस्कोपमधून बेकरीच्या यीस्टकडे बघितलं आणि त्यांना चार काळे पट्टे दिसले. यीस्ट हवेबरोबर हलवलं की ते फिके होत, ठेवून दिलं की परत येत. त्या रंगद्रव्याला त्यांनी सायटोक्रोम नाव दिलं. घोड्याच्या पोटातल्या माशीवर काम करणारा हा कीटकतज्ज्ञ, श्वसनाची साखळी त्याने डोळ्यांनी पाहिली.

तुलाही दिसेल. बेकरीतून ताज्या यीस्टची वडी आण, थोड्या पाण्यात घट्ट लगदा कर, दोन काचांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा थर धर आणि मागे प्रखर बल्ब ठेव. वडीचं यीस्ट कारखान्यात भरपूर हवा देऊन आणि साखर हात राखून वाढवलेलं असतं, त्यामुळे त्यात सायटोक्रोम भरलेली असतात. ६०४ नॅनोमीटरजवळचा पट्टा सायटोक्रोम ए-चा, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेजचाच. ५६४ जवळ बी, ५५० जवळ सी. सोडियमची रेषा ५८९ वर, ती मोजपट्टी म्हणून मधोमध आयतीच मिळते. पट्टे फिके वाटले तर चिमूटभर सोडियम डायथायोनाइट घाल, गुऱ्हाळवाले ज्याला हायड्रॉस म्हणतात ते.

मग तुझ्या पेटिटचा लगदा बघ. त्यात ए आणि बी-चे पट्टे नसतील, सी-चा असेल. कारण वर आलंच आहे: सी पूर्णपणे केंद्रकाच्या माहितीवर बनतं, ए आणि बी-ला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए लागतो. मात्र तुलनेसाठी दोन्ही यीस्ट सारख्या खाद्यावर वाढवलेली हवीत. पेटिट ग्लिसरॉलवर वाढणार नाही आणि ग्लुकोजवर धड यीस्टही सायटोक्रोम कमी करून ठेवतं. म्हणून दोन्ही गॅलॅक्टोजवर वाढव. लगदा पुरेसा व्हायला बऱ्याच प्लेटा खरवडाव्या लागतील. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तर थर जाड कर आणि खोली पूर्ण काळोखी कर. माझ्या विद्यार्थ्यांना साधारण तिसऱ्या प्रयत्नात दिसतं.

एटीपी सिंथेजचं काही प्रत्यक्ष मोजायच्या भानगडीत पडू नकोस. प्रस्तावनेत एक परिच्छेद लिही. पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना ते कसं चालतं हे उलगडल्याबद्दल १९९७ चं नोबेल मिळालं. ते खरोखर फिरतं. यीस्टमध्ये त्याच्या चाकाला दहा पाकळ्या आहेत, एका फेरीला दहा प्रोटॉन आत येतात आणि तीन एटीपी बनतात. विहिरीवरच्या मोटरची उपमा मी उगाच नाही घेतली.

आता मामा. त्यांना सांग, तुमच्या फवारणीच्या औषधांपैकी कितीतरी याच साखळीवर बसतात. सोयाबीनवर मारायचं पायराक्लोस्ट्रोबिन आणि त्याच्या भावकीतली बुरशीनाशकं सायटोक्रोम बी-वर बसतात. बुरशीच्या सायटोक्रोम बी-मध्ये १४३ व्या जागी ग्लायसिनचं अ‍ॅलनिन झालं की औषध लागू पडेनासं होतं. सायटोक्रोम बी-चं जनुक मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर, म्हणजे ही प्रतिकारशक्तीसुद्धा आपल्या पेटिटवाल्या डीएनएचीच गोष्ट. तांबेऱ्याच्या बुरशीत मात्र हा बदल होत नाही. तिच्या जनुकात त्या जागेला लागूनच एक इंट्रॉन आहे, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकावा लागणारा मधला तुकडा. तिथे अक्षर बदललं तर इंट्रॉन कापला जात नाही आणि प्रथिनच बनत नाही. ही उकल पक्की करायला यीस्ट कामी आलं.

कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी डायफेन्थियुरॉन मारतात. त्याचं रूपांतर होतं कार्बोडायइमाइडमध्ये, आणि ते थेट एटीपी सिंथेजला चिकटतं. आम्ही प्रयोगशाळेत त्याच कुळातलं एक रसायन एटीपी सिंथेज बंद करायला वापरत असू, मिलिग्रॅममध्ये, हातमोजे घालून, धुराड्याच्या कपाटात. २०१७ च्या खरिपात तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यात अनेक औषधं होती, बरीचशी मज्जासंस्थेवर मारा करणारी. डायफेन्थियुरॉनचं नावही त्यात होतं. उघड्या अंगाने, डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत माणसं ते मारत होती हे वाचलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी आयुष्यभर ज्या एन्झाइमांबद्दल वर्गात बोलले, ती त्या कास्तकारांच्या छातीतलीही होती, आणि त्यांना हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांत मीही आले.

मात्र एक धोका आहे. मामा म्हणतील, मग औषध यीस्टवर टाकून बघ, यीस्ट मेलं नाही तर माणसालाही काही होत नसेल. तसं नाही. आपल्या साखळीची पहिली पायरी, कॉम्प्लेक्स वन, या यीस्टमध्ये मुळातच नाही. तिच्या जागी एक साधं एन्झाइम आहे. कोळीनाशकांपैकी काही नेमकी कॉम्प्लेक्स वनवर बसतात, यीस्टला त्यांचं काही वाटणार नाही, तुला-मला वाटेल. आणि शेतीची औषधं कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणूच नकोस, मामांनी बाटली हातात दिली तरी.

‘खमीर पाहून’ काय मिळतं, याचं मला सर्वांत जवळचं उदाहरण माझ्याच एन्झाइमचं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर त्झागोलॉफ यांनी ग्लिसरॉलवर न वाढणारी यीस्टची हजारो वाणं गोळा केली आणि एकेकाचा बिघाड शोधत बसले. तुझ्या त्याच दोन प्लेटा, फक्त हजारपट. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने ‘शाय-वन’ नावाचं जनुक कळवलं, जे नसेल तर यीस्टची श्वसनसाखळी नीट चालत नाही. त्याचा माणसातला जोडीदार म्हणजे ‘सर्फ-वन’. पुढच्याच वर्षी दोन गटांनी दाखवलं की लहान मुलांचा मेंदू पोखरणाऱ्या ली सिंड्रोमच्या एका प्रकारात नेमकं हेच जनुक बिघडलेलं असतं. त्या मुलांवर खात्रीचा इलाज आजही नाही. पण पुढच्या बाळंतपणाआधी आई-बापांना तपासणी करून घेता येते. नागपूरला एका ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे मी असं एक कुटुंब पाहिलं आहे, त्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही.

गाइडना हा आराखडा दाखव. ते म्हणतील यात नवीन काय, तर मिश्रणाच्या प्रयोगाचं सांग आणि फिजिक्सवाल्या सरांना आधीच पटवून ठेव, स्पेक्ट्रोमीटर परीक्षेच्या काळात मिळत नाही. पहिल्या हजार वसाहती मोजून झाल्या की आकडे इथे टाक. ३० अंशांचे आधी.